तारखांसाठी एकच टेबल करावं, की प्रत्येक टेबलात वेगळे कॉलम?

कोरीपाटी

नमस्कार मंडळी,

एका वाचनालयासाठी डेटाबेस आखतेय, पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीवर. आतापर्यंत अकरा टेबलं झालीत: सभासद, पुस्तक, प्रत, देवघेव, आरक्षण, वर्गणी, दंड वगैरे. काल सगळी एका मोठ्या कागदावर काढली, तेव्हा दिसलं की प्रत्येकात तेच तीन कॉलम आहेत: नोंद_वेळ, बदल_वेळ, रद्द_वेळ. त्याशिवाय देवघेवीत दिल्याची तारीख, परतीची मुदत, परत आल्याची तारीख. आरक्षण केल्याची आणि संपण्याची. वर्गणी सुरू होण्याची आणि संपण्याची. मोजले तर नुसत्या तारखांचे ४७ कॉलम भरले!

एकच गोष्ट दोनदा लिहायची नाही, हे नॉर्मलायझेशन (टेबलांची नीट विभागणी) शिकताना मनावर पक्कं बिंबलंय. म्हणून हे पर्याय सुचले:

पहिला, 'तारखा' नावाचं एकच टेबल. त्यात कोणत्या टेबलाची, त्यातल्या कोणत्या नोंदीची, तारखेचा प्रकार आणि तारीख. उद्या नव्या प्रकारची तारीख आली तर स्कीमाला (टेबलांच्या रचनेला) हात लावायला नको, फक्त एक रो (ओळ) वाढेल.

दुसरा, 'तारखा' टेबलात नोंद_वेळ, बदल_वेळ, रद्द_वेळ असे तीनच कॉलम, आणि बाकीच्या प्रत्येक टेबलात एक तारखा_आयडी.

तिसरा, आहे तसंच राहू द्यायचं.

माझा सहकारी तिसऱ्याच्या बाजूने आहे, पण का विचारलं की "सगळे तसंच करतात" एवढंच म्हणतो. मला कारण समजून घ्यायचंय.

धोपटमार्ग

तिसरा. डोळे मिटून तिसरा. कामावर आहे, रात्री सविस्तर लिहितो.

सारणीकार

प्रश्न फार चांगला मांडलाय. सहकाऱ्याचं म्हणणं बरोबर आहे, पण त्यामागचं कारण त्यांनी सांगायला हवं होतं.

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल (माहिती टेबलांत मांडायची पद्धत) मांडलं, तेव्हापासून नॉर्मलायझेशनचा रोख एकाच ठिकाणी आहे: तीच वस्तुस्थिती दोन जागी लिहिली जाऊ नये. सारख्या नावाचा किंवा सारख्या जातीचा कॉलम दोन टेबलांत असणं ही पुनरावृत्ती नव्हे. अमुक पुस्तक १४ मार्चला परत यायचंय हे एक विधान, आणि अमुक सभासदाची वर्गणी १४ मार्चला संपतेय हे दुसरं. तारीख जुळली तरी विधानं दोन आहेत.

मी स्वतः एक कसोटी वापरतो. एकीकडची तारीख बदलली, तर दुसरीकडची बदलायला हवी का? उत्तर 'नाही' असेल तर ती पुनरावृत्ती नाही, दोन्ही आपापल्या जागी राहू द्यायच्या. उत्तर 'हो' असेल तर मात्र एक जागा काढायला हवी.

आता पहिल्या पर्यायात काय काय गमवाल ते बघा. 'कोणत्या टेबलाची' या कॉलमवर फॉरिन की लागत नाही, कारण फॉरिन की (दुसऱ्या टेबलात ती नोंद आहेच, याची डेटाबेसने घेतलेली हमी) एका ठरावीक टेबलाकडे बोट दाखवते, रोगणिक बदलणाऱ्या टेबलाकडे नाही. दिल्याच्या तारखेशिवाय देवघेवीची नोंद होऊच नये, ही अट एका 'नॉट नल'मध्ये (कॉलम रिकामा नको, या नियमात) बसते. ती तारीख दुसऱ्या टेबलात गेली की तिथे ही अट लावायला जागाच उरत नाही. आणि परत आल्याची तारीख दिल्याच्या तारखेआधीची नको, हा चेक एका रोमधले दोन कॉलम ताडून बघतो. तेच दोन कॉलम दोन रो झाले की चेकला काही दिसत नाही, मग ट्रिगर (नोंद बदलताच आपोआप चालणारा कोड) लिहीत बसा.

दुसरा पर्याय वरून सौम्य वाटतो. पण अकराही टेबलांतल्या प्रत्येक लिखाणाला त्या एका टेबलातून जावं लागेल, प्रत्येक इन्सर्टचे दोन होतील. आणि चुकून दोन नोंदींना एकच तारखा_आयडी मिळाला, तर एकीचा बदल दुसरीवर उमटेल.

मध्यरात्र

पहिला पर्याय मी दोन वर्षं सांभाळलाय. मी रचलेला नव्हता, पण गळ्यात माझ्याच पडला होता. ऐका.

मुदत उलटलेल्या नोंदींची यादी काढायची होती. स्वतंत्र कॉलम असते तर अट एका ओळीची: मुदत परत_आलीच्या आधीची आहे, किंवा परत_आली नल (रिकामी) असेल तर आजच्या आधीची. तिथे मात्र तारखांचं टेबल तीन टोपणनावांनी तीनदा जोडावं लागायचं, दर वेळी टेबलाचं नाव आणि प्रकार या दोन्ही अटी घालून. त्यातलाही एक लेफ्ट जॉइन (जोडीची रो नसली तरी मूळ नोंद राखणारी जोडणी), कारण परत आल्याची रो अजून नसूही शकते. त्या लेफ्ट जॉइनची प्रकाराची अट कुणीतरी 'ऑन'मधून (जोडणीच्या अटीतून) काढून 'व्हेअर'मध्ये (निकाल गाळण्याच्या अटीत) टाकली, आणि नेमक्या न परतलेल्या नोंदीच यादीतून गळाल्या. चूक होऊन तीन आठवडे झाले तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. यादी निघत होती, फक्त छोटी निघत होती.

मग एका नोंदीला एकाच प्रकारच्या दोन रो सापडल्या. युनिक कन्स्ट्रेंट (दुहेरी नोंद रोखणारी अट) लावायचं राहून गेलं होतं. जॉइनमध्ये ती नोंद दोनदा आली आणि बेरीज फुगली.

सगळ्यात वाईट अनुभव मायग्रेशनच्या (डेटा हलवण्याच्या) वेळचा. जुन्या नोंदी संग्रहात हलवल्या, मूळ टेबल रिकामं केलं, आयडी पुन्हा १ पासून सुरू झाले. फॉरिन की नसल्यामुळे तारखांच्या टेबलातल्या जुन्या रो तशाच मागे राहिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी केलेल्या नव्याकोऱ्या नोंदी उघडल्या तर त्यांना सहा वर्षांपूर्वीच्या तारखा चिकटलेल्या! कोणती तारीख कोणाची, हे बॅकअप समोर ठेवून एकेक ताडण्यात चार दिवस गेले.

कोरीपाटी, त्या वाटेला जाऊ नका.

लुकलुक

बाप रे, मेलेल्या नोंदींच्या तारखा जिवंत नोंदींना! वाखु (वाचनखूण) साठवतेय.

चौकटराणी

सारणीकार आणि मध्यरात्र दोघांनाही +१. पण 'तारखांचं टेबल' म्हणजे चूकच, असा समज इथून जायला नको, म्हणून लिहितेय.

डेटा वेअरहाउसमध्ये (अहवाल आणि विश्लेषणासाठीच्या साठ्यात) तारखांचं टेबल असतंच. राल्फ किंबॉल यांच्या पद्धतीत त्याला डेट डायमेन्शन म्हणतात. दर दिवसाला एक रो, प्रायमरी की (रोची ओळख) बहुधा २०२४०३१४ अशा आकड्याची, आणि पुढे वार, आठवडा, तिमाही, सुट्टी आहे की नाही. तेच टेबल एकदा 'दिल्याचा दिवस' म्हणून जोडायचं, एकदा 'परतीचा दिवस' म्हणून. एकच टेबल वेगवेगळ्या भूमिकांत वावरतं, म्हणून रोल-प्लेइंग डायमेन्शन. पण ती दिनदर्शिका आहे, कुणाच्या तारखांचा साठा नाही. १४ मार्च २०२४ हा गुरुवार होता हे तिला माहीत असतं, त्या दिवशी कोणतं पुस्तक परत आलं हे नसतं.

कोरीपाटी, असं दिनदर्शिकेचं टेबल तुम्हालाही लागेल. मुदत वाचनालय बंद असलेल्या दिवशी संपत असेल, तर ती पुढच्या उघड्या दिवसावर ढकलायची ना? त्यासाठी बंद दिवस कुठेतरी लिहून ठेवावेच लागतील.

कोरीपाटी

बंद दिवसांचा विचारच केला नव्हता, कागदावर बारावी चौकट काढली.

पहिला पर्याय रद्द. मध्यरात्र, तुमचा मायग्रेशनचा किस्सा वाचून मी तो कागदावर खोडला.

पण मग ते तीन कॉलम अकरा ठिकाणी हातानेच लिहायचे? एकीकडे नोंद_वेळ, दुसरीकडे नोंदवेळ, तिसरीकडे टाइमझोन विसरलेला, असं होणारच. पोस्टग्रेसमध्ये टेबल इनहेरिटन्स आहे ना? एक पालक टेबल करून त्यात हे तीन कॉलम ठेवले तर?

पानगळ

इनहेरिटन्स यासाठी नको. कॉलम आणि चेक कन्स्ट्रेंट खाली उतरतात, पण प्रायमरी की, युनिक आणि फॉरिन की उतरत नाहीत. शिवाय पालक टेबलावर सिलेक्ट चालवलं की सगळ्या मुलांच्या रो त्यात येतात, हे माहीत नसलेला माणूस चक्रावून जातो.

त्यापेक्षा हे करा. नमुन्याचं एक रिकामं टेबल ठेवा आणि 'क्रिएट टेबल'मध्ये 'लाइक' वापरून त्याचे कॉलम नव्या टेबलात उतरवा. डिफॉल्टही हवे असतील तर 'इन्क्लूडिंग डिफॉल्ट्स' लिहायला विसरू नका. हा उतारा एकदाच होतो, नंतर दोन टेबलांचं नातं उरत नाही, आणि इथे तेच हवंय. ओआरएम (कोड आणि टेबलं यांना जोडणारं साधन) वापरत असाल तर जँगोत अ‍ॅबस्ट्रॅक्ट बेस क्लास आहे, हायबरनेटमध्ये मॅप्ड सुपरक्लास. दोन्हीकडे व्याख्या कोडमध्ये एकदाच लिहिली जाते, डेटाबेसात मात्र प्रत्येक टेबलाला स्वतःचे कॉलम मिळतात.

बदल_वेळ मात्र ओआरएमच्या भरवशावर सोडू नका. जँगोचं ऑटो_नाऊ सेव्ह करताना चालतं, क्वेरीसेटवर (निवडलेल्या अनेक नोंदींवर) थेट अपडेट केलं की चालत नाही. रेल्समध्येही अपडेट_ऑल अपडेटेड_अ‍ॅटला हात लावत नाही. आणि कुणी थेट कन्सोलवरून दुरुस्ती केली तर ओआरएमला त्याचा पत्ताही लागत नाही. एक ट्रिगर फंक्शन लिहा, अकरा टेबलांवर तेच लावा.

एक बारकावा: पोस्टग्रेसमध्ये नाऊ() म्हणजे ट्रान्झॅक्शन (एकत्र पूर्ण होणाऱ्या बदलांचा गट) सुरू झाल्याची वेळ. एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये शंभर नोंदी केल्या तर शंभरांची वेळ तंतोतंत एकच. बहुतेकदा हवं तेच, कारण त्या एकत्रच घडल्या. खरोखरीची त्या क्षणाची वेळ हवी असेल तर क्लॉक_टाइमस्टॅम्प() आहे.

पूर्णविराम

थोडं अवांतर, पण टेबल एकदा भरलं की हे बदलणं फार जड जातं, म्हणून आत्ताच सांगतो. या ४७ पैकी किती 'तारखा' आहेत आणि किती 'क्षण' आहेत?

नोंद_वेळ हा क्षण आहे, त्याला टाइमझोनसकट टाइमस्टॅम्प द्या. त्या नावाने फसू नका, पोस्टग्रेस झोन साठवत नाही. क्षण यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) साठवतं आणि दाखवताना सेशनच्या झोनमध्ये फिरवून देतं. परतीची मुदत, जन्मतारीख, वर्गणीचा शेवटचा दिवस या मात्र निखळ तारखा. त्यांना 'डेट'च द्या. एका ठिकाणी जन्मतारीख टाइमस्टॅम्पमध्ये मध्यरात्र धरून साठवली होती. सर्व्हर यूटीसीवर गेला आणि निम्म्याहून जास्त लोक कागदोपत्री एक दिवस आधी जन्मले! दुरुस्तीची वेळ आली तेव्हा बदलाआधीची नोंद कोणती आणि नंतरची कोणती, हे ओळखायला खूण नव्हती.

दुसऱ्या डेटाबेसमधून आलेल्यांनी विशेष जपा. ओरॅकलच्या 'डेट'मध्ये तास-मिनिट-सेकंदही असतात. एसक्यूएल सर्व्हरमधला 'टाइमस्टॅम्प' मुळात वेळच नाही, तो रो बदलल्याचा क्रमांक आहे. आणि तिथल्या जुन्या डेटटाइमची बारकाई साधारण ३.३३ मिलिसेकंदांची, त्यामुळे दिवसाचा शेवट म्हणून २३:५९:५९.९९९ लिहिलं की ते गोल होऊन दुसऱ्या दिवसाचं ००:०० होतं. ३१ तारखेपर्यंतचा अहवाल मागितला की १ तारखेच्या मध्यरात्रीच्या नोंदीही आत येतात. म्हणून 'बिट्वीन' (दोन्ही टोकं धरणारी अट) टाळा. सुरुवात धरून, शेवट वगळून लिहा: १ मार्च किंवा नंतर, आणि १ एप्रिलच्या आधी.

निर्झरा

पूर्णविराम यांच्या प्रतिसादाला जोड. दिवस आणि क्षण यांचा संबंध किती सैल असू शकतो बघा: सामोआ आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या पूर्वेकडून पश्चिमेकडे आलं, तेव्हा तिथे ३० डिसेंबर २०११ हा दिवस उगवलाच नाही. २९ नंतर थेट ३१. ज्यांचा वाढदिवस ३० ला होता, त्यांचा केक कधी कापला असेल?

मायएसक्यूएलवाल्यांसाठी: तिथला टाइमस्टॅम्प १९ जानेवारी २०३८, ०३:१४:०७ यूटीसी इथे संपतो. डेटटाइम ९९९९ पर्यंत जातो. सभासदत्व २०५० पर्यंतचं असेल तर टाइमस्टॅम्पमध्ये ते मावणारच नाही.

उलटतपासणी

सगळे तिसऱ्या पर्यायामागे उभे राहिले, म्हणून थोडं आडवं बोलतो. कोरीपाटी यांच्या पहिल्या कल्पनेत एक खरी गरज दडलेली आहे आणि तिच्याकडे कुणी बघितलं नाही.

मुदतवाढ. तुमच्या वाचनालयात मुदत वाढवून मिळते का? मिळत असेल तर परतीची मुदत ही एक तारीख नाही, ती तारखांची मालिका आहे. कॉलम ठेवला की दर वाढीला जुनी मुदत पुसली जाणार. "मी वेळेत वाढवून घेतलं होतं, दंड का लावला?" असं सभासदाने विचारलं तर दाखवायला काही नाही. मग कुणीतरी मुदत_१, मुदत_२, मुदत_३ असे कॉलम करतं आणि चौथ्या वाढीला अडकतं. तिथे वेगळं टेबलच हवं. 'नवी तारीख आली तर एक रो वाढेल' हा कोरीपाटींचा मुद्दा या जागी शंभर टक्के खरा आहे.

सारणीकार

उलटतपासणी, मान्य, आणि ही उणीव दाखवलीत ते बरं झालं. फक्त ते टेबल 'तारखा' नव्हे, 'मुदतवाढ'. देवघेव_आयडी, नवी मुदत, कोणी दिली, कधी दिली. पालक एकच, त्यामुळे फॉरिन की खरीखुरी लागते. तारीख वेगळ्या टेबलात जाते ती ती अनेकदा घडते म्हणून, ती तारीख आहे म्हणून नाही.

यावरून आणखी एक. परत आल्याची तारीख आणि नोंद_वेळ, यातली एक काढून टाकायचा मोह कुणाला झाला तर आवरा. सभासद शनिवारी बाहेरच्या पेटीत पुस्तक टाकून गेला, रविवार-सोमवार बंद, कर्मचाऱ्याने मंगळवारी पेटी उघडून नोंद केली. पुस्तक शनिवारी आलं, डेटाबेसला मंगळवारी कळलं. दंड शनिवारवर ठरतो, हिशेब तपासणारा मंगळवार बघतो. रिचर्ड स्नॉडग्रास आणि डेटाबेसातल्या काळावर काम करणारे इतर अभ्यासक याला व्हॅलिड टाइम (घडल्याची वेळ) आणि ट्रान्झॅक्शन टाइम (नोंदल्याची वेळ) म्हणतात. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या २०११ च्या प्रमाणात या दोन्हींसाठी सोय आली.

धोपटमार्ग

रात्री लिहितो म्हणालो होतो, तोवर माझं बहुतेक सगळं लिहून झालंय. राहिलेलं तेवढं सांगतो.

वर्गणीची सुरुवात आणि शेवट या दोन सुट्या तारखा नाहीत, तो एक कालावधी आहे. एकाच सभासदाच्या दोन वर्गण्या एकमेकींवर चढता कामा नयेत. पोस्टग्रेसमध्ये ९.२ पासून रेंज टाइप आहेत. डेटरेंज घ्या आणि बीट्री_जिस्ट एक्स्टेन्शन घालून त्यावर एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट (एकमेकींवर चढणाऱ्या रो नाकारणारी अट) लावा. आवृत्ती १८ असेल तर प्रायमरी कीमध्येच 'विदाउट ओव्हरलॅप्स' लिहिता येतं. ही अट अ‍ॅप्लिकेशनच्या कोडमध्ये ठेवलीत तर दोन खिडक्यांवरून एकाच वेळी आलेल्या दोन वर्गण्या तिथून निसटतील, डेटाबेसातून निसटणार नाहीत.

शेवट ठरलेला नसेल तर ३१ डिसेंबर ९९९९ लिहू नका. कुणीतरी त्यातून दिवस मोजतं आणि सरासरी आभाळाला भिडते. नल ठेवा, रेंजला उघडं टोक चालतं.

आता रद्द_वेळ. अकराही टेबलांत खरंच हवीय का? ती आली की प्रत्येक क्वेरीत 'रद्द_वेळ नल आहे' ही अट आली, आणि एखाद्या क्वेरीत ती राहणारच. युनिकचाही गुंता होतो: रद्द झालेल्या सभासदाचा ईमेल घेऊन तोच माणूस पुन्हा आला तर जुनी रो त्याला अडवते. पोस्टग्रेसमध्ये न रद्द झालेल्यांपुरता पार्शल युनिक इंडेक्स करून सुटता येतं. पण आधी विचारा, दंड 'रद्द' होतो की 'माफ' होतो? माफ होत असेल तर ती स्वतःच एक तारीख आहे, स्वतःच्या नावाची.

कोरीपाटी

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन संध्याकाळी कागद घेऊन बसले. आता असं ठरतंय:

अकराही टेबलांत नोंद_वेळ आणि बदल_वेळ, 'लाइक'ने उतरवलेले, बदल_वेळसाठी एकच ट्रिगर फंक्शन. रद्द_वेळ फक्त सभासद, प्रत आणि आरक्षण यांत; आठ ठिकाणची गेली. दंडात माफ_केल्याची_तारीख आली. वर्गणीच्या दोन तारखांचा एक डेटरेंज झाला. बंद दिवसांचं टेबल आलं. मुदती सगळ्या 'डेट', वेळा सगळ्या टाइमझोनसकट. परत_आली आणि नोंद_वेळ दोन्ही राहिल्या. आमच्याकडेही बाहेर पेटी आहे आणि ती सोमवारी उघडतात, हे विचारल्यावर कळलं.

मुदतवाढीचं टेबल केलं, पण तिथे अडकलेय. देवघेवीत 'मुदत' कॉलम चालू मुदत म्हणून ठेवलाय, दर वाढीला तो अपडेट होतो, आणि मुदतवाढ टेबलातल्या शेवटच्या रोमध्येही तीच तारीख आहे. सारणीकार, तुमची कसोटी लावली. एकीकडची बदलली तर दुसरीकडची बदलायला हवी का? हो, हवी. म्हणजे माझ्या ४७ कॉलमांत नव्हती ती पुनरावृत्ती इथे आलीय, बरोबर?

सारणीकार

अगदी बरोबर! देवघेवीत मूळ_मुदत ठेवा, ती पुस्तक देताना ठरते आणि पुन्हा कधी बदलत नाही. मुदतवाढीत फक्त वाढी. चालू मुदत म्हणजे शेवटच्या वाढीची नवी मुदत, वाढ नसेल तर मूळ. त्याचा एक व्ह्यू (टेबलासारखी वापरता येणारी साठवलेली क्वेरी) करा, 'चालू_देवघेव' नावाचा, आणि मुदत उलटलेल्यांची यादी त्यातूनच काढा.

मध्यरात्र

आणि मुदतवाढ टेबलात देवघेव_आयडी व नवी_मुदत या जोडीवर युनिक लावा. बटण दोनदा दाबलं जातंच.

कोरीपाटी

लावलं. व्ह्यूही झाला. सहकाऱ्याला हा धागा पाठवलाय. तो म्हणाला, दंडाच्या टेबलाचं मी बघतो.